लाडू फाटकाबाहेर

बंगळुरूत के. आर. पुरमहून बन्नेरघट्ट्याच्या प्राणिसंग्रहालयाकडे निघालं की आधी टिन फॅक्टरीच्या गर्दीतून सुटावं लागतं. झुलत्या पुलाच्या आसपास बस, रिक्षा, टँकर एकमेकांना खेटून उभे आणि सगळ्यांचे हॉर्न चालू. माझ्या 12 वर्षांच्या भाच्याला हा गोंगाट सोसत नाही. तो स्वमग्न आहे. कानांवर हेडफोन होते, तरी त्याची बोटं थरथरू लागली. तशी पायाशी बसलेली लाडू उठली आणि पुढचे पाय, छाती, डोकं असं सगळं वजन तिने त्याच्या मांडीवर टाकलं. त्या दाबाने तो निवळतो. लॅब्रॅडॉर जातीची कुत्री असलेल्या लाडूला हे काम रीतसर शिकवलेलं आहे. मारतहळ्ळी येईपर्यंत ती हलली नाही.

सिल्क बोर्ड ओलांडून बन्नेरघट्टा रस्त्याला लागलो. गोट्टिगेरेनंतर शहर विरळ होत गेलं.

प्राणिसंग्रहालयात कुत्रा नेता येत नाही, हे ठाऊक होतं. ताई लाडूला घेऊन बाहेर झाडाखाली थांबली आणि मी भाच्याचा हात धरून आत गेले. नियम मला पटतो. 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात 23 सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. खुद्द बन्नेरघट्ट्यात 2023 मध्ये मांजरांच्या एका विषाणूने बिबट्याची सात पिल्लं गेली. लाडूला सगळ्या लसी दिलेल्या आहेत, पण हरणाला ते कोण सांगणार? त्याच्या नाकाला ती शिकारीच.

मात्र लाडू फाटकाबाहेर राहिली की पोराचा आधारही बाहेर राहतो. त्याचं काय?

भाच्याने तिचा जादा पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला होता. सफारीच्या जाळीदार बसमध्ये सिंह दिसताच पोरांनी एकच गिल्ला केला. त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. ताईने दाखवलं होतं तसे मी त्याचे खांदे दाबले, उपयोग होईना. शेवटी माझी जड पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. ती त्याने घट्ट कवटाळली आणि श्वास हळूहळू लयीत आला.

मग अस्वलं आली. दरवेशांकडून सोडवलेल्या अस्वलांचं इथे पुनर्वसन केंद्र आहे, त्यामुळे त्यांना बघताना मन आधीच हळवं झालेलं. एक अस्वल बसजवळच जमीन उकरत होतं. वाळवी ओढून घेताना ते नळीतून जोरात हवा खेचल्यासारखा आवाज काढतं. भाच्याने स्वतःहून हेडफोन उतरवले आणि जाळीला गाल लावून ऐकत राहिला. बस हलली तेव्हा तो रागावला.

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मात्र मदतनीस कुत्र्यांना काही भाग वर्ज्य असतात, बाकी ठिकाणी येऊ देतात. तिथेच चित्त्याच्या पिल्लाला कुत्र्याच्या सोबतीने वाढवतात. चित्ता जात्याच बुजरा. कुत्रा शांत आहे हे पाहून तोही धीर धरतो. चित्त्याची ही गरज ओळखून त्याला सोबत दिली जाते, तर माणसाच्या पोराची गरजही ओळखली गेली पाहिजे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहेच.

बाहेर आल्यावर लाडूने भाच्याला बुटांपासून कोपरांपर्यंत हुंगून काढलं. त्याने तिला अस्वलाचा आवाज काढून दाखवला, मग ताईला, मग पुन्हा तिला.

परतीच्या वाटेवर मी मोबाइलवर प्राणिसंग्रहालयाला पत्र लिहायला घेतलं. आठवड्यातून एक शांत वेळ ठेवा. सफारीची एखादी फेरी कमी माणसांची करा. मदतनीस कुत्र्याला फाटकाजवळ सावली, पाणी आणि बसायला जागा द्या. तो बाहेर थांबणार असेल तर आत सोबतीला शिकवलेला माणूस द्या. ताईने सुचवलं, दाबासाठी जड गोधड्याही ठेवा म्हणावं. भाच्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि खाली स्वतः लिहिलं : अस्वलापाशी बस जास्त वेळ थांबवा.