पाच हप्ते हक्काचे होते

२०२२ च्या सुरुवातीची गोष्ट. पांढुर्णा, सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातच होते आणि मी या भागातल्या एका महसूल कार्यालयात बाबू होतो. किसान सन्मान निधी घेतलेल्या आयकरदात्यांची यादी वरून आली. वसुलीचा आकडा मी काढायचा, संध्याकाळी नोटिसा निघायच्या. केंद्राचे नऊ हप्ते आणि राज्याच्या किसान कल्याण योजनेचे चार, असे तेरा मी धरले, दोन हजारांनी गुणले आणि सव्वीस हजारांचा आकडा रकान्यात खालपर्यंत ओढला.

आठवड्याभरात सौंसरकडचे एक काका आले. बोरगावच्या कारखान्यात नोकरी, घरी थोडी संत्र्याची बाग. पासबुकात प्रत्येक हप्त्यापुढे पेन्सिलीची खूण. एका महिन्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हा हप्ता त मले भेटलाच नाही."

मी मान वर केली नाही. "पोर्टलवर दिसतो काका. आधी भरा, मग अर्ज द्या."

पासबुक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर उघडं होतं. ते मी पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांनी पैसे भरले. त्यासाठी मृग बहार पुरता पिकायच्या आत व्यापाऱ्याला देऊन टाकला.

पुढे केंद्राची आणि राज्याची रक्कम वेगळी करताना मी त्यांचा एकेक हप्ता उघडला. एक खरंच परत गेला होता; बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला होता. शिवाय नियमाप्रमाणे मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरणारा अपात्र. काका आयकर भरू लागले ते पाचव्या हप्त्यानंतर. म्हणजे पहिले पाच त्यांच्या हक्काचे. खरी वसुली चौदा हजारांची. बारा हजार मी जास्तीचे मागितले होते.

'गणना में त्रुटि मेरी है' अशी टीप लिहून मी साहेबांपुढे ठेवली. मग प्रत्येकाचं पासबुक मागवून सगळी यादी नव्यानं काढली. आणखी काही आकडे चुकलेले निघाले.

काकांचे बारा हजार परत यायला सात महिने गेले. बहाराचं नुकसान कुठल्याच फाइलीत बसत नव्हतं. पैसे जमा झाल्यावर ते पुन्हा आले. "गावात म्हणतात, यानं सरकारले फसवलं. पहिले पाच हप्ते माह्या हक्काचे होते, एवढं लिहून द्या."

साहेबांचा सही-शिक्का घेऊन मी तसं लिहून दिलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि खसऱ्याच्या नकलेसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं.