राज्याचा रकाना

माझे आजोळ निपाणीजवळच्या एका खेड्यात. आमच्या पेडण्याहून निघायचे, आंबोलीचा घाट चढायचा आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत पोचायचे. गोव्यातून निघून महाराष्ट्र ओलांडून कर्नाटकात जायचे, आणि तिथे उतरल्यावर कानी पडणारी मराठी मात्र थेट कोल्हापूरची!

मामा निवृत्त मराठी शिक्षक. घराच्या सोप्यात त्यांनी आयुष्यभर वाचनालय चालवले. जुने दिवाळी अंक, सीमालढ्याच्या पुस्तिका, १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाची कात्रणे. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचे ते संमेलन, जिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. गावातली मुले शिकून पुण्याला जाऊ लागली, तसे सोप्यावर येणारे वाचक कमी झाले. मामांना वाटे, मुले नाहीत तर निदान यादी तरी त्यांच्यापर्यंत पोचावी. २००६ साली मी नुकता सरकारी नोकरीला लागलो होतो, आणि संगणक येतो अशी माझी नातेवाइकांत ख्याती होती (ऑफिसात अजून आहे, त्याचा त्रासच होतो). मी त्यांना वेबसाइट करून दिली. सगळी सूची चढवली. दोन महिने कोणी फिरकले नाही.

कारण आज हास्यास्पद वाटेल. तेव्हा बरेच मराठी टंकन युनिकोडमध्ये नसायचे. निरनिराळे फॉण्ट असत. आपल्या डोळ्यांना 'दिवाळी अंक' दिसे, पण आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, त्यांचा काही अर्थच लागत नसे. सर्च इंजिन वाचणार ते आतले. म्हणजे मामांचे अख्खे वाचनालय गूगलच्या लेखी निरर्थक बडबड होती.

त्यावर उपाय होता डिरेक्टरीचा. तिथे माणसे बसून साइट बघत, तिला एका खणात घालत आणि दोन ओळींचे वर्णन लिहीत. ते वर्णन तरी वाचता येण्यासारखे असे. शिवाय चांगल्या डिरेक्टरीतला दुवा म्हणजे सर्च इंजिनला शिफारसपत्र, त्याने साइट निकालात वर येई. याहूची डिरेक्टरी व्यापारी साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेई. ते आमच्या कल्पनेपलीकडचे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मामांना घेऊन मी निपाणीच्या एका सायबर कॅफेत बसलो आणि फुकटातल्या डिरेक्टऱ्यांचे अर्ज भरू लागलो.

नाव. पत्ता. गाव. जिल्हा. राज्य.

राज्याला बाण होता. दाबला की यादी खाली सुटे. त्यातले एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना.

"ते राहू दे," मामा म्हणाले.

"राहू देता येत नाही, मामा. सक्तीचं आहे."

"मग अर्जच राहू दे."

मी कारकून माणूस. रकाना रिकामा सोडणे माझ्या रक्तात नाही. मी म्हटले, मामा, वीजबिलावर कर्नाटक आहे, सातबाऱ्याच्या जागी तुमच्याकडे कन्नडमधला उतारा येतो, इथे एकदा लिहिले तर काय बिघडले? ते शांतपणे म्हणाले, "बिलावर त्यांनी लिहिलंय. इथं मी लिहायचं आहे."

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

पाचसहा अर्ज तसेच सोडून आम्ही 'ओपन डिरेक्टरी'वर आलो. हिलाच डीमॉझ म्हणत. १९९८ साली सुरू झालेली, जगभरच्या स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली. गूगल आपल्या डिरेक्टरीसाठी हिच्याच नोंदी घेई. तिथला नियम मी वाचून दाखवला. इंग्रजी साइट असेल तर ती देश, राज्य, गाव अशी खाली उतरत जाई. साइट इंग्रजीत नसेल, तर ती आधी तिच्या भाषेच्या दालनात जाई. मराठीचे दालन होते. कन्नडचेही होते.

मामांनी चष्मा पुसला. "म्हणजे आधी भाषा विचारतात?"

"होय."

"कोण हो हे लोक?"

अर्ज भरून झाल्यावर त्यांनी मला आणि कॅफेवाल्या पोराला चहा पाजला. काही महिन्यांनी नोंद झाली. पुढच्या वर्षी पुण्याहून एका संशोधक बाईंचे पत्र आले, मग मुंबईहून आणखी एक. दोन पत्रे! मामांनी ती फाइलला लावून ठेवली.

पुढे मामेभावाने कोणाला तरी पैसे देऊन 'पाचशे डिरेक्टरींत नोंद' असले पॅकेज घेतले. त्या डिरेक्टऱ्या कोणी वाचत नव्हते, दुवे विकण्यासाठीच त्या उभ्या होत्या. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, विकतच्या दुव्यांचे वजन गेले आणि आमची साइट होती त्याहून खाली गेली. पैसे गेले ते गेलेच. याहूची डिरेक्टरी डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली आणि डीमॉझ १७ मार्च २०१७ ला. भाषेचे दालन संपले. आता उरला नकाशा, आणि नकाशाला गाव-राज्य लागतेच.

त्यात १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. तारीखही तीच, १९५६ साली सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला ती. नोंदींचे शास्त्र सांगते की नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखे हवे, नाहीतर यंत्राला ही दोन ठिकाणे वाटतात. आमच्या जुन्या नोंदीत जिल्हा 'बेलगाम', नव्या अर्जात 'बेळगावी', साइटवर मामांनी लिहिलेले 'बेळगाव'. तीन ठिकाणे झाली.

२०१८ साली मी नव्याने अर्ज भरला. साइट तोवर युनिकोडमध्ये आणली होती. या वेळी राज्य विचारलेच नाही. पिनकोड टाकला, ५९१२३७, आणि 'कर्नाटक' आपसूक उमटले. मी मामांकडे पाहिले. रागावतील असे वाटले, पण ते हसायला लागले.

"अरे, आपल्या देवचंद कॉलेजचा पिन काय सांग बघू?"

निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. आणि पिन ५९१२३७! पोस्टाने कधीच सीमा मानली नाही. आपल्या गोव्याचा ४०३ तरी कुठे वेगळा? तोही महाराष्ट्राच्या चारातच बसतो, आणि १९६७ च्या सार्वमतात विलीनीकरण नाकारूनही पोस्टाला ते कळवायचे बहुतेक राहून गेले.

"पोस्टानं लिहिलंय, मी नाही," मामा म्हणाले. "दाब."

पडताळणीच्या आकड्यांचे पोस्टकार्ड पंधरा दिवसांनी आले. आकडे मामांनी फोनवर मला सांगितले. कार्ड मागितले तर म्हणाले, ते १९४६ च्या कात्रणांच्या फाइलमध्ये खूण म्हणून घातले आहे, तिथेच असू दे.