लक्ष्य आणि लक्षण

वर्णनात्मक आणि आदेशात्मक व्याकरण यांतील भेद शिकवताना मी अनेकदा पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे उदाहरण देतो. 'दहा थाटांचे जनक' ही त्यांची ओळख मला अपुरी वाटते. ते मुळात इतिहासाचे अभ्यासक होते, आणि त्यांचे साधन होते स्वतःचा तयार कान.

मुंबईतील वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे विद्यार्थिदशेतच सतार शिकले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली, काही काळ कराचीतही. पत्नी आणि मुलगी यांच्या निधनानंतर मात्र ते पूर्णतः संगीताचे झाले. १९०४ मध्ये दक्षिणेत जाऊन त्यांनी तेथील ग्रंथ आणि जाणकार यांचा शोध घेतला. वेंकटमखीची बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी या काळात अभ्यासली.

या शोधातून एक अडचण पुढे आली. जुन्या संस्कृत ग्रंथांतील रागांची लक्षणे आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग जुळेनात. गवय्यांना चुकीचे ठरवणे सोपे होते. भातखंड्यांनी प्रचलित गायन प्रमाण मानले आणि १९१० च्या आपल्या ग्रंथाला 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' असे नाव दिले. 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग. आपल्या व्याकरणपरंपरेतलाच हा शब्द. गंमत अशी की, प्रयोगाचा हा कैवार त्यांनी टोपणनावाने, तोही संस्कृत श्लोकांत घेतला! पुढे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'च्या चार भागांत तोच विषय मराठीत, गुरु-शिष्य संवादातून उलगडला. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो. समोर शिक्षक नसताना शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ही रचना परकी वाटू नये.

तथापि, प्रयोगातून काढलेले लक्षण पुढे स्वतःच नियम बनते. ललित रागात दोन्ही मध्यम आहेत, पंचम नाही. कोणत्याही थाटात बसवताना त्याची ओढाताण होते. शिवाय कोणाचे गाणे 'लक्ष्य' मानायचे, हा निर्णयही भातखंड्यांनी केलाच होता. त्यांची पद्धती दरबारी आणि घराणेदार गायकीची आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत रात्रभर घुमणाऱ्या ढोलांना तिच्यात जागा नाही. अहिराणी किंवा भिली घरातून येऊन प्रमाण मराठीचे व्याकरण शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. वर्गात तो बहुधा त्यांच्याकडूनच येतो.