सिद्धांताचा तास

राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘अल्पसंख्य’ आणि ‘अल्पसंख्याक’ हे दोन शब्द एकमेकांना खेटून नांदतात. त्या जादा ‘क’ने नेमके काय साधते, याचा निवाडा भाषेच्या अभ्यासकांनी करावा. मला खटकत आला आहे तो दोहोंच्या पोटात दडलेला ‘संख्या’ हा शब्द. त्याने आधीच मोजदाद करून टाकली की हक्कांची चर्चा सुरू होण्यापूर्वीच संपते. थोडे आहेत, म्हणून थोडे द्यावे, असा सोयीचा हिशेब मनात तयार होतो. बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. अल्पसंख्य कोण हे ठरवण्याची खरी कसोटी शिरगणती नसून सामाजिक भेदभाव ही आहे, अशी मांडणी त्यात आहे. ही कसोटी लावली की गावात चार घरे असलेला समाज जसा तिच्या कक्षेत येतो, तशा गावात निम्म्या असलेल्या स्त्रियाही येतात की काय, असा प्रश्न उभा राहतो. माझे शिकणे-शिकवणे या एका सांध्यावर बरीच वर्षे अडकून राहिले आहे.

नगर जिल्ह्यातल्या (नाव आता अहिल्यानगर झाले आहे, त्याविषयी पुढे) एका तालुक्याच्या गावी मी राजकीय सिद्धांत शिकवते. प्रबंधाचा विषय होता अल्पसंख्याकांचे सामूहिक हक्क आणि त्या समूहांतील स्त्रिया. मी मराठी मुसलमान घरातली. त्यामुळे विषय सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू उमटे : म्हणजे स्वतःच्याच समाजावर काम करताय तर! एका मुलाखतीत समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले, ‘‘यात सिद्धांत कुठला? हा तर अनुभव झाला.’’ मार्क्सवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही जर्मन का, असे कुणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या अपमानाचे शास्त्र मला गोपाळ गुरू यांच्या लेखात सापडले. २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी भारतातील समाजविज्ञाने कितपत समतावादी आहेत, हा प्रश्न विचारला होता. सिद्धांत रचणारे ब्राह्मण आणि त्यांना अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे शूद्र अशी विद्येच्या क्षेत्रातही वर्णव्यवस्था आहे, हे त्यांचे निदान. दलितांनी कवितेवर न थांबता सिद्धांतनावर हक्क सांगावा, हा त्यांचा आग्रह मराठी साहित्याच्या वर्गात खरे तर अधिक झोंबायला हवा. आपण दलित आत्मकथनांचे कौतुक करतो ते बहुधा ‘जळजळीत’, ‘दाहक’ या विशेषणांनी. त्यांत विचार आहे, असे म्हणायला जीभ अडखळते. शर्मिला रेगे यांनी ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’मध्ये (२००६) दलित स्त्रियांच्या कथनांकडे ज्ञान म्हणून पाहिले, तेव्हा त्यांनी ही अडखळ दूर केली.

आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर ही वर्णव्यवस्था एका प्राध्यापकाने फार आधी मोडली होती. अकोले तालुक्यात जन्मलेल्या आणि संगमनेरला राज्यशास्त्र शिकवलेल्या रावसाहेब कसबे यांनी ‘झोत’ १९७८ साली लिहिले, ‘आंबेडकर आणि मार्क्स’ १९८५ साली. दोन्ही मराठीत. आमच्या विद्यार्थ्यांना ही पुस्तके हातात देताना मला वाटत आले आहे ते असे की, त्यांतील प्रत्येक विधान पटले नाही तरी चालेल. सिद्धांत आपल्या एसटीच्या पल्ल्यातही लिहिला जातो, एवढे त्यांना कळावे.

परदेशी सिद्धांत वर्गात नेताना अडचण होते ती भाषांतराची नव्हे, अंतराची. विल किमलिका यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात समूहांच्या हक्कांची दोन रूपे वेगळी केली : बाहेरच्या बहुसंख्याकांपासून समूहाला मिळणारे बाह्य संरक्षण आणि समूहाने आपल्याच सदस्यांवर लादलेले अंतर्गत निर्बंध. पहिले उदारमतवादाला मान्य, दुसरे अमान्य. सुझन मोलर ओकिन यांनी १९९७ साली त्यावर बोट ठेवले : घराच्या उंबऱ्याआतले निर्बंध या चौकटीला दिसतच नाहीत. कॅनडा आणि अमेरिकेतला हा वाद मुले टिपून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरत.

मग २०१६ साल आले आणि पुस्तक नेवासे तालुक्यात उघडले. शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसल्याबद्दल ख्यातकीर्त गाव. चौथऱ्यावर मात्र स्त्रियांना चढायची बंदी. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चढली आणि मागाहून शुद्धीकरण झाले. जानेवारीत देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री निवडली गेली. तिने प्रथेचीच बाजू घेतली. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने १ एप्रिलला बोट ठेवले ते महाराष्ट्राच्या १९५६ च्या हिंदू सार्वजनिक उपासनास्थळांच्या प्रवेशविषयक कायद्यावर. हिंदूंच्या कोणत्याही वर्गाला देवळात अटकाव करणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरला प्राण पणाला लावले, त्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीच्या वंशातला हा कायदा. अस्पृश्यांसाठी उघडलेल्या दारातून साठ वर्षांनी स्त्रिया आत शिरल्या.

पण माझ्या तासाला खरी जान आणली ती त्यानंतरच्या आठवड्याने. देवस्थानाने चौथरा पुरुषांनाही बंद करून टाकला. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, पुरुषांच्या जमावाने बंदी झुगारून शनीला जल घातले, आणि मग त्याच दिवशी देवस्थानाने स्त्रियांनाही वाट मोकळी केली. एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, समानता तर आधीच आली होती ना? कुणालाच सोडत नव्हते.’’ डेरेक पारफिट यांनी समतेविरुद्ध घेतलेला हा सुप्रसिद्ध आक्षेप : सर्वांना सारखेच खाली आणले तरी समता येतेच, मग ती चांगली कशी? इतकी वर्षे फळ्यावर लिहून जे कुणाला उमगले नव्हते ते त्या दिवशी चौथऱ्याने शिकवले. वर्गात तासभर भांडण झाले. मुली पहिल्यांदाच मुलांपेक्षा जास्त बोलल्या.

ऑगस्टच्या २६ तारखेला हाजी अली दर्ग्याचा निकाल आला. तेथे २०१२ पासून स्त्रियांना मजारीपर्यंत जायला मनाई होती. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता. त्यामुळे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना थेट संविधानाच्या १४, १५ आणि २५ व्या अनुच्छेदांचा आधार घ्यावा लागला. त्या तासाला वर्ग फळ्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. शिंगणापूरच्या वेळी अस्वस्थ झालेली काही मुले आज कमालीची पुरोगामी झाली होती. मी तीच कसोटी लावली आणि निकाल योग्य आहे असे सांगितले. संध्याकाळी घरी मामूंचा सूर वेगळा : ‘‘बेटा, घरातली भांडणं बाहेरच्यांच्या हाती का देतेस?’’ मला दोघांचेही म्हणणे कळत होते, हीच तर पंचाईत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत मंत्रालयावर नेला, तेव्हापासून हा पेच असाच आहे. स्त्रीने प्रश्न विचारावा तर बहुसंख्याक तो उचलून समाजाच्या पाठीत घालतात. न विचारावा तर समाज तिच्या मौनालाच आपली संस्कृती म्हणतो. किमलिकांच्या दोन रकान्यांत हे बसत नाही, कारण प्रत्यक्षात बाहेरचे भय हेच आतल्या निर्बंधाचे सर्वांत मोठे समर्थन असते.

जिल्ह्याने याहून कठीण धडेही दिले, आणि ते शिकवताना आवाज स्थिर ठेवणे मला जमत नाही. जामखेड तालुक्यातील खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला ठार मारण्यात आले. वरच्या जातीतील मुलीशी तो बोलतो, एवढ्या संशयावरून. कर्जत तालुक्यातील कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला; आरोपी दलित होते. तिच्या न्यायासाठी निघालेल्या मूक मोर्चांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील बदलही येऊन बसला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात दोन्ही खटल्यांचे निकाल लागले : खर्ड्याचे आरोपी निर्दोष सुटले, कोपर्डीच्या तिघांना फाशी झाली. दोन्ही गावची मुले एका बाकावर बसू शकतील अशा वर्गात मी उभी असते. अशा वेळी मी वर्तमानपत्र मिटते आणि आंबेडकरांचा १९१६ चा कोलंबियातला निबंध काढते. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने, आणि तो टिकवायचा तर स्त्रीवर पहारा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची रूपे, असे पंचविशीतल्या त्या विद्यार्थ्याने दाखवले. खर्ड्यातील त्या मुलीला कुणी काही विचारले होते का, हा प्रश्न त्यातूनच निघतो. कोपर्डीची मुलगी समाजाची अब्रू म्हणून आठवायची की एक व्यक्ती म्हणून, हाही. वर्गात उत्तरे येत नाहीत. बाके वाजायची थांबतात, एवढेच.

आता नावाविषयी. अहमद निजामशहाने वसवलेल्या शहराला आणि जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चोंडी हे त्यांचे जन्मगाव. राज्यकर्त्या स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळावे याचा आनंद मला आहे. ते देण्यासाठी एक नाव पुसावे लागले, याची बोचही आहे. दोन्ही भावना एकाच माणसाच्या असू शकतात, हे सांगितले की लोक पक्ष विचारतात. शहराच्या पूर्वेला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू आहे. सारे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर. मोगलांच्या वेढ्यात १५९५-९६ साली किल्ला लढवणाऱ्या आणि पुढे आपल्याच माणसांकडून मारल्या गेलेल्या चांदबिबीचा त्या वास्तूशी संबंध नाही. तरी लोकांनी कुणाचाही आदेश नसताना एका मंत्र्याच्या थडग्याला तिचे नाव देऊन टाकले. दरवर्षी सहलीला मुलांना मी हे सांगते, आणि परत निघताना त्यांतलेच कुणीतरी फोनवर घरी सांगत असते, ‘‘चांदबिबीच्या महालावरून निघालोय.’’