एकोणऐंशी टक्के

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आमच्या अकोले तालुक्याच्या हद्दीवर आहे. उंची १६४६ मीटर. पण शेजार एवढा उंच असून डोंगराआडच्या कित्येक वाड्यांत मोबाईलची रेंज येते-जाते. ट्रेकर लोकांना त्यात शांतता सापडते. आम्हाला काय सापडतं ते इथे छापणार नाहीत!

पूर्वी हा गप्पांचा विषय होता. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी पिकाची नोंद करायचे. आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाईपासून कर्जापर्यंत सगळं अडू शकतं. म्हणजे भात उभा आहे, पण फोटो पोचला नाही तर कागदावर शेत रिकामं.

म्हणून मिनी-प्रोजेक्टला आम्ही हाच विषय घेतला: तुटक्या रेंजमधून मोठी फाईल सर्व्हरवर कशी न्यायची? सर्व्हर आमचाच, जावामधला, टॉमकॅटवर चालणारा.

साध्या पद्धतीत एक फाईल येत असते तोवर एक थ्रेड तिच्यापाशी उभा राहतो. टॉमकॅटमध्ये बदल न करता असे जास्तीत जास्त २०० थ्रेड मिळतात. आता २०० जण एकाच वेळी मुंगीच्या पावलांनी फोटो पाठवायला लागले की २०१ वा ताटकळणार, मग त्याची रेंज कितीही झकास असो. अगस्ती कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथे प्रत्येक गाडीशेजारी एकेक माणूस उभा केला तर कसं होईल? त्यापेक्षा गाडी काट्यावर आली की हाक मारा.

ही हाक म्हणजेच इव्हेंट. २०१३ मध्ये आलेल्या सर्व्हलेट ३.१ मध्ये 'रीडलिसनर' मिळाला. बाइट आले की सर्व्हर ऑनडेटाअव्हेलेबल बोलावतो, सगळे आले की ऑनऑलडेटारेड, आणि काही बिनसलं की ऑनएरर. मधल्या वेळेत थ्रेड दुसऱ्याचं काम करायला मोकळा. मात्र असं वाचायचं तर फॉर्ममधून फाईलचे भाग आयते काढून देणारी गेटपार्ट्स वापरता येत नाही, म्हणून आम्ही फॉर्म सोडला आणि फोटो सरळ बाइट्सच्या रूपात पाठवला. आणखी एक गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरात असते: आपण मुदत ठरवली नाही तर असिंक काम ३० सेकंदांत संपलं असं धरतात. ३० सेकंदांत आमच्याकडे फोन रेंज शोधून होतो, बस. आम्ही १० मिनिटं ठेवली.

खरं भांडण झालं ऑनएररवरून. पार्टनरचं म्हणणं, अर्धवट फाईल पुसून टाकायची, सर्व्हर स्वच्छ राहतो. मी म्हटलं, तुझ्यासाठी ती कचरा आहे, आमच्याकडे ती अर्धी फाईल म्हणजे देवळापर्यंतची चढण आहे! दोन रात्री मेसमध्ये हाच वाद. शेवटी अर्धी फाईल ठेवायची ठरली. फोन पुन्हा जोडला गेला की आधी विचारतो, "किती बाइट पोचले?" आणि पुढचेच पाठवतो. सगळे आले तरी सर्व्हर लगेच खूश होत नाही, फोटोचा हॅश जुळवून बघतो.

दसऱ्याच्या सुट्टीत गावाहून चाचणी घेतली. मी देवळाच्या पायरीवर, आजोबा शेजारी.

"पोरी, गेला का गं फोटू?"

"सेव्हन्टी नाइन."

"म्हंजी किती?"

मी कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर की एकोणऐंशी हे बोटांवर मोजेपर्यंत रेंज गेली. पण या वेळी आकडा शून्यावर आला नाही. अर्ध्या तासाने एक काडी उगवली आणि फोटो ऐंशीपासून पुढे निघाला.

तेवढ्यात आजोबांच्या लक्षात आलं की फोटोत म्हैस आलीय. त्यांनी नवा काढायला लावला. गट नंबर तोच, फोटो वेगळा. बरं झालं, फाईलला नाव आम्ही गट नंबरवरून न देता हॅशवरून दिलं होतं. नाहीतर अर्ध्या म्हशीला अर्धा भात चिकटला असता.