आम्ही आणि आपण

लग्नाला वीस वर्षे पूर्ण होत आली तेव्हा, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, आम्ही उभयतांनी चार दिवस एका बेटावर जाऊन राहण्याचे ठरवले. बेट म्हटले की आजकाल मालदीव, बाली, गेला बाजार अंदमान अशी नावे घेतली जातात. आमचे बेट त्या मानाने अगदीच घरगुती, म्हणजे दीव. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे तेही उष्ण कटिबंधातलेच. पण कर्कवृत्त सुरतेच्या बरेच उत्तरेकडून जात असल्याने उष्ण कटिबंधात राहण्यासाठी आम्हांला घर सोडण्याची तशी गरज नव्हती. शेजाऱ्यांना बेत सांगितला तेव्हा त्यांनी आधी डोळा मिचकावला आणि मग ‘भाभीने लईने?’ असे आश्चर्याने विचारले. गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. त्यामुळे सुरतेहून दीव-दमणला जाणारा माणूस समुद्र पाहायला जातो, यावर इथे कोणाचा विश्वास बसत नाही.

आम्ही मात्र खरोखरच समुद्र पाहायला निघालो होतो. त्याहून खरे सांगायचे तर, आम्हां दोघांना घराबाहेर दोघांनीच राहता येते की नाही, हे पाहायला निघालो होतो. आमचा मुलगा त्या वर्षी जूनमध्ये अठरा वर्षे पूर्ण करणार होता. तो स्वमग्न आहे. त्याच्या जन्मापासून आम्ही दोघे एकाच रात्री त्याच्यापासून दूर राहिलो, असे कधी घडले नव्हते. नात्यातल्या लग्नाला एकाने जायचे आणि दुसऱ्याने घरी थांबायचे, हा आमचा रिवाज. गेल्या अठरा वर्षांतल्या एकाही समारंभाच्या छायाचित्रात आम्ही शेजारी शेजारी उभे नाही.

आमच्यापैकी एकीने सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत अनेक वर्षे सर्वनामे शिकवली आहेत. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचे असेल तर पहिला, सामावून घ्यायचे असेल तर दुसरा. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा नेमका हाच भेद आहे, त्यामुळे सुरतेच्या मुलांना तो समजावून द्यावा लागत नाही. आमच्या मुलाला मात्र सर्वनामे उलटी लागली. तहान लागली की तो ‘तुला पाणी पाहिजे’ असे म्हणतो. स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा आढळते; जे शब्द आपल्याला उद्देशून ऐकले तेच ती आपल्यासाठी वापरतात. पहिली काही वर्षे आम्ही ते दुरुस्त करू पाहिले. पुढे घरात कोणी ‘तू’ म्हटले की ते कोणाविषयी, हे ओळखण्याची सवय आम्हांलाच झाली. ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ हे शब्द त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेले नाहीत.

त्याच्याजवळ राहायला नंदुरबारहून त्याची आत्या आली. सुरत-भुसावळ मार्गावरची सकाळची गाडी, हातात पिशवी, पिशवीत कळण्याचे पीठ. तिच्यासाठी आम्ही सात पानांची यादी केली होती. पोळीचे चार तुकडे करावेत, पाचवा होऊ नये. संध्याकाळी गच्चीवर न्यावे. झोपताना पंखा तीनवर ठेवावा, चारवर नव्हे. रडू लागल्यास जवळ घेऊ नये, नुसते शेजारी बसावे. आत्याने ती पाने चाळली, घडी करून देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि म्हणाली, ‘तुम्ही जा. मी शे ना.’ खानदेशात या तीन शब्दांवर माणसे जन्म काढतात.

आणखी एक कागद आमच्या बॅगेत होता, त्याची गोष्ट इथेच सांगून टाकावी. मूल सज्ञान झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. मुलगा कसा आहे, याच्याशी त्या तारखेला देणेघेणे नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने वाट ठेवली आहे: जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, ज्यात जिल्हाधिकारी असतात, अर्ज करून पालक नेमून घ्यायचा. म्हणजे अठरा वर्षे ज्याला वाढवले त्याचे पालक होऊ देण्याची विनंती आईबापांनीच करायची. त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. अडचण त्या अर्जाची नव्हतीच. आमच्यानंतर कोण, हा प्रश्न त्या अर्जात विचारलेला नसतो, आणि आम्हीही तो एकमेकांना कधी विचारला नव्हता.

हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी फेरीबोट २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हापासून सौराष्ट्र सुरतेला जवळ आले आहे. रस्त्याने आखाताला वळसा घालून पावणेचारशे किलोमीटर होतात, पाण्यातून नव्वदच्या आसपास. गाडी बोटीच्या पोटात ठेवायची आणि वर जाऊन बसायचे. खंभातच्या आखातातले पाणी निळे नसते. तापी, नर्मदा, मही, साबरमती यांचा गाळ आणि देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोट्या यांनी ते चहाच्या रंगाचे झालेले असते. त्या पाण्याकडे पाहत आम्ही चार तास बसलो आणि त्या चार तासांत जे बोललो ते सगळे त्याच्याविषयी. पुढे तळाजा, महुवा, राजुला, ऊना अशी गावे मागे टाकत घोघला आले, तिथला पूल ओलांडला आणि आम्ही बेटावर पोचलो.

पहिल्या संध्याकाळी नागव्याच्या किनाऱ्यावर, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या त्या वाळूत बसलो असता एकाने विचारले, ‘आता काय करत असेल?’ दुसऱ्याने घड्याळ न पाहता सांगितले, ‘पंखा.’ त्या वेळी तो पंख्याखाली उभा राहून पाती मोजतो. मग बराच वेळ काही बोलणे झाले नाही. भांडण झाले असते तर बरे, असे ते गप्प राहणे होते. वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी किती बोललो असू! पण त्यातला मुलगा वजा केला तर बाकी किती उरते, हे पाहण्याची वेळ आजवर आली नव्हती. शेजारी एक तरुण जोडपे उंटावर बसून फोटो काढून घेत होते. त्यांचे काही चुकत होते असे नव्हे, पण आम्ही तोंड फिरवून बसलो.

दुसऱ्या दिवशी भाड्याची स्कूटर घेतली. दीव इतके लहान आहे की पूर्वेच्या किल्ल्यापासून पश्चिमेच्या वणाकबाऱ्याच्या कोळीवाड्यापर्यंत जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येते. वाटेत होक्याची झाडे दिसतात. ताड, माड, खजूर ही सगळी मंडळी एकाच खोडावर सरळ वाढणारी. होका मात्र त्याच कुळातला असून मध्येच दुभंगतो, त्या प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फांद्या फुटतात. पोर्तुगिजांनी हे झाड आफ्रिकेतून आणले, असे तिथले लोक सांगतात. आमच्यापैकी ज्याला झाडांचे वेड आहे त्याने स्कूटर थांबवली आणि अर्धा तास त्या झाडाविषयी बोलत राहिला. दुसरीने तो अर्धा तास ऐकला. हे वेड लग्नाआधीचे. मधल्या काळात ते गेले कुठे होते कोण जाणे. खाली पडलेले एक टणक, तपकिरी फळ आम्ही पिशवीत टाकले.

किल्ला पाहिला. ज्या बहादूरशहाने १५३४ साली पोर्तुगिजांना वसई दिली त्यानेच पुढच्या वर्षी त्यांना इथे किल्ला बांधू दिला, आणि १५३७ साली याच दीवच्या पाण्यात त्याचा अंत झाला. वसई चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतली. दीव १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगिजांकडे राहिले. आमच्या सुरतेचा तापीकाठचा किल्लाही पोर्तुगिजांच्याच धास्तीने बांधलेला. समुद्रात समोर उभा असलेला पाणीकोठा तटावरून दिसतो. पूर्वी तिथे कैदी ठेवत. संध्याकाळी खुकरी जहाजाचे स्मारक पाहिले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ते बुडाले; अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी त्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. काचेतली ती प्रतिकृती पाहताना आम्हां दोघांच्या मनात एकच प्रश्न आला असावा, तो कप्तानांविषयीचा नव्हता; त्या रात्री किती घरांत ‘आता कोण?’ असे विचारले गेले असेल, याविषयीचा होता.

त्याविषयी बोलणे झाले ते तिसऱ्या सकाळी, फुदमजवळच्या गंगेश्वराच्या गुहेत. तिथे खडकात पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. ती पांडवांनी स्थापिली, अशी श्रद्धा आहे. आम्ही पायऱ्यांवर बसलो. लाट येई, पाचही लिंगे पाण्याखाली जात, पाणी ओसरले की वाहिलेली फुले गेलेली असत आणि कोणी तरी नवी वाही. नावे घेणे सोपे नव्हते. आत्या आमच्याहून बारा वर्षांनी मोठी आहे. एका भावाचे घर आहे, पण त्या घरात येणारी सून अजून यायची आहे आणि तिला न विचारता तिच्या संसारावर हे ओझे लिहून ठेवावे काय? संस्था आहेत, काही चांगल्याही आहेत. तिथे पंखा तीनवर कोण ठेवील? एकाने मग जे म्हटले ते अठरा वर्षे दोघांच्याही मनात होते: त्याच्या आधी आपण जाऊ नये, किंवा गेलो तर त्याच्यानंतर एका दिवसाने जावे. असे बोलू नये, असे दुसऱ्याने म्हटले नाही. त्या वाक्यात ‘आपण’ हा शब्द कितव्या वर्षांनी केवळ दोघांपुरता वापरला गेला, हे आमच्या नंतर लक्षात आले.

त्या रात्री फोन केला. आत्याने तो त्याच्या कानाला लावला. फोनवर तो बोलत नाही, श्वास ऐकू येतो. पण त्या दिवशी त्याने विचारले, ‘तू कधी येणार?’

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आम्ही घरी कधी येणार, हे त्याला हवे होते, की तो स्वतः तिकडे कधी येणार, हे? त्याच्या भाषेत दोन्ही अर्थ होतात. ‘उद्या’ म्हणावे तर दुसऱ्या प्रश्नाला ते खोटे उत्तर झाले असते. एकाने ‘आम्ही उद्या येणार’ असे सांगितले आणि दुसऱ्याने त्याच्या नावाने ‘पुढच्या वेळी’ असे जोडले. त्याने फोन ठेवून दिला.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तो जागा होता. त्याने वर पाहिले नाही, पण पिशवीतले होक्याचे फळ काढून घेतले आणि फरशीवर फिरवू लागला. स्वयंपाकघरात परातीखाली कळण्याच्या दोन भाकरी झाकलेल्या होत्या. तो भाकरी खात नाही, हे यादीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते. ‘खातो की!’ आत्या म्हणाली, ‘चार दिवस तेच खातोय.’ तुकडे? तुकडे ती करत नव्हती, तोच मोडून घेत होता. पंखा कितीवर आहे, ते एकाने हळूच जाऊन पाहिले, दोनवर होता. यादी देव्हाऱ्याजवळ जशीच्या तशी घडीत होती. आत्याचा चष्मा नंदुरबारलाच राहिला होता आणि हे सांगून आमचा बेत मोडायला नको म्हणून ती गप्प राहिली होती.

आम्हांला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्या रात्री झोप लवकर आली नाही. आपल्यावाचून अडेल, या भीतीवर आम्ही अठरा वर्षे उभे होतो. आपल्यावाचून अडत नाही, हे चार दिवसांत, तेही चष्म्यावाचून, सिद्ध झाले होते.

जूनमध्ये अर्ज दिला. मृत्युपत्राच्या मसुद्यात एक जागा अजून कोरी आहे. वकिलांनी दोनदा आठवण केली. गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला, पुन्हा कधी जाणार म्हणून. या वेळी आपण चौघेही जाऊ, असे आम्ही म्हटले. ती म्हणाली, ‘नको. तुम्ही जा.’