लॅपटॉपचा मुहूर्त

सोलापुरात लॅपटॉप घ्यायचं निघालं की घरात पहिला प्रश्न रॅमचा नसतो. "आत्ताच घ्यायचा का दसऱ्याला?" हा असतो. दुसरा, "इथंच घ्यायचा का पुण्याहून आणायचा?" या दोन प्रश्नांभोवती वेळोवेळी खरडलेली ही टिपणं. कोणी विचारायला आलं की वही पुढं करता यावी, एवढाच हेतू.

*

२०२५चा सप्टेंबर लक्षात ठेवण्यासारखा. जीएसटी उतरणार ही बातमी आली ती पितृपक्षाच्या तोंडावर. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेपासून. पितृपक्षात तसंही कोणी मोठी वस्तू घरात आणत नाही, त्यात सरकारनंच थांबायला कारण दिलं. घट बसले, आणि मग लोकांनी यादी नीट वाचली. २८ टक्क्यांवरून १८वर आले ते एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होता आणि तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, दोन्ही मोठ्या ऑनलाइन दुकानांचे सेल सुरू झाले. थांबलेल्यांना काही मिळालं असेल तर ते सेलमुळं. कराचा त्यात काही वाटा नव्हता.

*

पितृपक्ष पाळणारे अमावस्याही पाळतात. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं, आणि त्या दिवशी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. असो.

*

साडेतीन मुहूर्तांत दसऱ्याचा बोलबाला जास्त, पण लॅपटॉपपुरतं माझं मत गुढीपाडव्याच्या बाजूनं पडतं. कारण सरळ आहे. इकडं जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरायच्या थोडं आधी तिकडं लास व्हेगासला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं. इंटेल, एएमडी यांचे नवे प्रोसेसर तिथं जाहीर होतात. ते माल होऊन आपल्याकडं यायला दोन-चार महिने लागतात. तोवर दुकानात मागच्या वर्षीचा स्टॉक पडून असतो आणि मार्चअखेरीचं टार्गेट डोक्यावर असतं. मागच्या वर्षीचा चांगला लॅपटॉप यंदाच्या साध्या लॅपटॉपपेक्षा बहुतेक वेळा चांगलाच असतो. हे गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण शेजाऱ्याकडं 'नवीन मॉडेल' आलेलं असतं.

*

व्यापाऱ्याचा हिशेब वेगळा. ५९ हजारांच्या लॅपटॉपमध्ये ५० हजार किंमत आणि ९ हजार जीएसटी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारानं बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घेतला, तर ते ९ हजार त्याला कर भरताना वजा मिळतात. नंबर न घालता, मुलाच्या नावावर, सेलमध्ये तीन हजार वाचवून घेतला तर खिशातले सहा हजार गेले.

शिवाय घसारा. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येतो, पण वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. मार्चअखेरीपासून मागं मोजत गेलं की ऑक्टोबरचा पहिला आठवडा येतो. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी घेऊन वापरायला काढलेल्या लॅपटॉपला पूर्ण घसारा, आणि दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, घेतलेल्याला अर्धा. पहिला मुहूर्त पूर्ण आणि दुसरा अर्धा, हे आयकर खात्यालाही मान्य दिसतं.

*

खंडेनवमीला सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची पूजा होते. आता मागांच्याच हॉलच्या कोपऱ्यात हिशेबाचा लॅपटॉपही पाटावर बसतो. पूजा अवश्य करावी, पण झाकण मिटून. कुंकवाची बारीक पूड कळांच्या फटीत गेली की निघत नाही, आणि दुरुस्तीवाल्याला ती लगेच ओळखू येते.

*

२०२६ साली ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात नवी वस्तू घ्यायची नाही म्हणणारे आहेत आणि जावयाला वाण द्यायचं म्हणून मुद्दाम घेणारेही आहेत. अनारशांच्या तबकात लॅपटॉप ठेवणारे सासरे भेटले तर जावयानं आधी बिल कुणाच्या नावावर आहे ते बघावं. वॉरंटीचं काम पडलं की सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा बिलच मागतात.

*

गर्दीचा खरा हंगाम प्रवेशांचा. मोहोळहून, बार्शीहून, अक्कलकोटहून बाप मुलीला घेऊन येतो. "कॉम्प्युटरला नंबर लागलाय ओ पोरीचा, चांगला दाखवा." दुकानदाराला या वाक्यात सगळं कळतं: घाई आहे, बजेट ताणलं जाईल आणि माहिती कमी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र, ग्राफिक्स आणि थोडं सी प्रोग्रॅमिंग असतं. ते कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. त्या सत्रासाठी जुलै-ऑगस्टमध्ये धावपळीत लॅपटॉप घेण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीपर्यंत मुलीलाच कळतं की तिला काय लागणार आहे. आर्किटेक्चरवाल्यांचं मात्र तसं नाही, त्यांना पहिल्यापासून चांगली मशीन लागते.

दुसरा अपवाद अॅपलच्या विद्यार्थी सवलतीचा. तिच्यात दर वर्षी पावसाळ्याच्या सुमाराला काहीतरी भर पडते. मॅकबुक घ्यायचंच असेल तर तेव्हा घ्यावं.

*

"थांबा, अजून उतरेल." पंचवीस वर्षं हा सल्ला खरा ठरला, म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसला. २०२५च्या अखेरीला तो उलटला. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, म्हणून मेमरी बनवणाऱ्या तीनही मोठ्या कंपन्या, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, तिकडं वळल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं 'क्रूशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलर ९० रुपयांच्या वर गेला. रॅम आणि एसएसडी दोन्ही महागले, आणि लॅपटॉपच्या किमतीत त्यांचा वाटा मोठा.

म्हणून आधीचा माझा सल्ला, '८ जीबीचा घ्या, नंतर रॅम वाढवा', मी आता देत नाही. १६ जीबी आधीच असलेला घ्यावा. आणि रॅम बोर्डावरच डकवलेली आहे की स्लॉट मोकळा आहे, हे पैसे मोजण्याआधी विचारावं. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा डकवलेलीच असते.

*

ज्यांचा जुना लॅपटॉप चालतो आहे, त्यांनी कुठल्याही मुहूर्तावर नवा घेऊ नये. त्या पैशांत एसएसडी आणि बॅटरी बदलूनही बरेच उरतात. फक्त विंडोज १० बघावं: तिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्ष मिळतात, तेवढ्यात काय ते ठरवावं.

*

काउंटरवरचं एक दृश्य. किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'रायझन ५, ७००० सीरिज, १६ जीबी, ५१२ एसएसडी'. शेजारच्या लॅपटॉपवरही तेच, पण तो सहा हजारांनी महाग. विक्रेता पोरगा म्हणतो, "सेमच आहे साहेब, याचा रंग वेगळा." खोका उलटा करायला लावायचा. खालच्या पांढऱ्या लेबलवर बारीक अक्षरांत पूर्ण नंबर असतो. एकावर ७५२०यू, दुसऱ्यावर ७५३०यू. एएमडीच्या त्या मालिकेत तिसरा अंक प्रोसेसरची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, २०१९ची रचना. ३ म्हणजे झेन ३, २०२०ची. ४ असेल तर आणखी नवी झेन ४. पहिल्या अंकावरून वाटतं २०२३चा माल. ७५२०यूच्या आतला सांगाडा मात्र त्याहून चार वर्षं जुना. रंगाचा काही संबंध नाही.

इंटेलनंही नावं बदलून असाच गोंधळ घातलाय. 'आय ५ आहे' एवढं ऐकून लॅपटॉप घेणं म्हणजे 'सोलापुरी चादर आहे' एवढं ऐकून बाहेरगावच्या स्टेशनवर चादर घेणं.

त्याच लेबलवर सीरियल नंबर असतो. तो फोनवरून कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते दिसतं. चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली, तर तो डिस्प्लेचा पीस आहे किंवा कुणीतरी परत केलेला. घ्यायला हरकत नाही, पण मग भाव तसा हवा.

*

ऊन. हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या कुठल्याच सल्ल्यात येत नाही. मॅकबुकच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं असतं. इतर कंपन्यांचे आकडेही बहुधा त्याच्याच आसपास. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३वर असतो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही भट्टीसारखी तापलेली. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला वेग मे महिन्याच्या दुपारी मिळतच नाही. बॅटरीचं आयुष्यही उष्णतेनं घटतं.

नावाच्या शेवटी 'यू' असलेले प्रोसेसर साधारण १५ वॅटचे, 'एच' असलेले ४५ वॅटचे. टॅली, एक्सेल, झूम, कोडिंगचा अभ्यास यांना 'यू' पुरतो. गेमिंगचा लॅपटॉप एसी नसलेल्या घरात घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. कूलरच्या समोरही ठेवू नये. ओलसर वारा आणि धूळ दोन्ही पंख्यातून आत जातात. कूलरला पाणी कुठून आणायचं, हा सोलापुरात वेगळाच विषय.

*

आता कुठून घ्यायचा.

पुण्याचा टिळक रोड: निवड भरपूर. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं. दोघांचं तिकीट, रिक्षा, जेवण आणि एक अख्खा दिवस धरला की वाचलेल्या हजार-दीड हजारांचं काय उरतं ते ज्यानं त्यानं बघावं. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांचा ओढा हैदराबादकडं. सिकंदराबादला कॉम्प्युटरचा मोठा बाजार आहे आणि पाहुणे तिथंच असतात. "मामा येताना घेऊन येईल" म्हणतात. मामा घेऊन येतो, पण रिपेरिंगला परत घेऊन जात नाही.

ऑनलाइन: भाव बहुधा कमी, बँकेची सवलत मिळाली तर बराच कमी. पण लॅपटॉपला 'परत' बहुतेक ठिकाणी नसतं, 'बदलून' असतं, तेही ठरावीक दिवसांत. पार्सल उघडताना शूटिंग करावं, डिलिव्हरीवाला समोर असतानाच उघडता आलं तर उत्तम. आणि 'नो कॉस्ट ईएमआय'ला कॉस्ट असते. ६० हजारांवर सहा महिन्यांचं १५ टक्क्यांनी व्याज अडीच हजारांच्या आसपास होतं. तेवढी सूट आधी देतात, म्हणून 'नो कॉस्ट'. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचारशेच्या वर, बँक तुमच्याकडूनच घेते. प्रोसेसिंग फी वेगळी.

सोलापुरातलं दुकान: निवड कमी, भाव थोडा वर. पण घासाघीस होते, आणि ती पैशांत नाही झाली तर वस्तूंत होते: बॅग, माउस, वाढीव वॉरंटी. यांतली वाढीव वॉरंटी मागावी, बॅग नको. काउंटरवर मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी काहीही चालतं. आजी तेलुगूत भाव पाडते आणि नातू मराठीत स्क्रीन तपासतो. दुकान निवडताना मी एकच बघतो, विक्रीच्या काउंटरमागं दुरुस्तीचं टेबल आहे का आणि त्यावर उघडलेली मशीन आहे का.

*

कंपनी ठरवताना जाहिरात बाजूला ठेवून कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकावा. ४१३००१ टाकल्यावर सर्व्हिस सेंटर सोलापूर दाखवतंय की पुणे, हे तिथं दिसतं. पुणे दाखवलं तर 'ऑनसाइट' वॉरंटी आहे का विचारावं, म्हणजे माणूस घरी येतो. ती नसेल तर मशीन कुरिअरनं जाते आणि परीक्षेच्या आठवड्यात तुम्ही वाट बघत बसता.

*

सेकंडहँड. आयटी कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक दणकट असतात आणि वीस हजारांच्या आतबाहेर मिळतात. नव्या हलक्या प्लॅस्टिकच्या लॅपटॉपपेक्षा मी विद्यार्थ्याला हेच सुचवतो. फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीतले जवळपास सगळे विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत, आणि २०२५च्या ऑक्टोबरनंतर नेमके तेच गठ्ठ्यांनी विकायला निघाले. विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर बॅटरीचे पैसे वजा करून बोलावं.

*

किरकोळ. आडत दुकानात टॅलीसाठी घेत असाल तर उजवीकडं आकड्यांच्या कळा असलेला १५.६ इंचीच घ्या. बिजागरी एका बोटानं उघडून बघा. पांढरी आणि काळी स्क्रीन लावून ठिपके तपासा. कच्च्या बिलावर दोन हजार कमी करतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका; ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथंही पहिल्यांदा बिलच विचारतात.

*

सोलापुरातल्या दुकानदारांना एक विनंती. किमतीच्या चिठ्ठीवर 'आय ५' किंवा 'रायझन ५' एवढंच लिहू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम डकवलेली की स्लॉटमध्ये, आणि सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात, या तीन गोष्टी लिहा. मोहोळच्या त्या बापाला पुण्याला जायची गरज पडणार नाही, आणि दोन-तीन हजार जास्त पडले तरी तो तुमच्याकडूनच घेईल.